मांडव्याच्या रो-रो बोटीसाठी लवकर पोहोचल्यास आधीच्या फेरीत गाडीसह जागा मिळते का?

प्रश्न : ठाणेकर गृहिणी

नमस्कार. येत्या शनिवारी मी, माझे यजमान, मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे जण मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो बोटीने, म्हणजे गाड्याही घेऊन जाणाऱ्या बोटीने, आमच्या गाडीसह जाणार आहोत. दुपारच्या फेरीचे आरक्षण झालेले आहे. मागच्या खेपेस रस्त्यात इतकी कोंडी लागली की बोट चुकते की काय, या काळजीने सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यामुळे या वेळी आम्ही घरून बरेच आधी निघायचे ठरवले आहे. ईस्टर्न फ्रीवे मोकळा मिळाला, तर आमच्या फेरीच्या तब्बल दोन तास आधी धक्क्यावर पोहोचू, असा अंदाज आहे.

मला विचारायचे आहे ते असे, की त्या वेळी आधीची फेरी सुटायची असेल आणि तिच्यात जागा असेल, तर आमच्याच तिकिटावर आम्हाला तिच्यातून जाता येते का, आणि त्यासाठी नेमके कोणाला विचारावे? ऑनलाइन पाहिले तर ती फेरी भरलेली दिसते. सासूबाईंना फार वेळ गाडीत बसवून ठेवणे शक्य नाही, म्हणून ही विचारणा.

उत्तर : चोंढीचा रहिवासी

ताई, मी महिन्यातून दोनदा तरी या बोटीने ये-जा करतो. लवकर पोहोचून आधीची फेरी मागण्याचा प्रसंग माझ्यावर चार वेळा आला आणि त्यांपैकी दोनदा जागा मिळाली, त्यामुळे मिळतच नाही असे नाही. परंतु तो आपला हक्क आहे, असे धरून मात्र निघू नये. तुमचे आरक्षण ठरावीक फेरीचे आहे, आणि आधीच्या फेरीत घेणे न घेणे हे त्या वेळच्या जागेवर आणि खिडकीवरच्या माणसाच्या निर्णयावर अवलंबून असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी रांगेत लावण्यापूर्वी विचारावे. एकदा पुढे-मागे गाड्या लागल्या की तुमची गाडी बाहेर काढून दुसऱ्या रांगेत नेणे अवघड होते, आणि पहिल्या खेपेला माझी नेमकी हीच चूक झाली होती. यजमानांनी गाडी बाजूला थांबवावी, तुम्ही तिकिटाची प्रत आणि गाडीचा क्रमांक घेऊन खिडकीवर जावे आणि आधीच्या फेरीत बदलून मिळेल का, असे स्पष्ट विचारावे.

ऑनलाइन फेरी भरलेली दिसते, याने निराश होऊ नये. आरक्षण करूनही वेळेवर न पोहोचणाऱ्या गाड्या बहुतेक फेऱ्यांना एक-दोन असतातच. पण त्या आल्या नाहीत, हे शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतच कळते. म्हणून दोन तास आधी जाऊन विचारले काय किंवा पाऊण तास आधी विचारले काय, उत्तर बहुधा शेवटच्या क्षणीच मिळते. तोपर्यंत आपले मूळ आरक्षण कोणत्याही परिस्थितीत रद्द करू नये. दिवसांविषयी सांगायचे तर मुंबईहून शनिवारची सकाळ आणि मांडव्याहून रविवारची संध्याकाळ या दोन्ही वेळा सर्वांत कठीण आहेत.

उत्तर : निवृत्त दर्यावर्दी

वरील माहिती योग्यच आहे. तरीही ‘बोटीत जागा दिसते आहे, मग घेत का नाहीत?’ असा प्रश्न अनेकांना पडतो आणि त्यावरून खिडकीवर वाद होतात, म्हणून त्यामागचे कारण थोडे विस्ताराने लिहितो.

अशा बोटीत दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात. एक मर्यादा माणसांची. ती जीवरक्षक साधने आणि परवान्यावरील संख्या यांवरून ठरते. दुसरी गाड्यांची; ती वाहनांच्या डेकवरील जागेवरून आणि वजनावरून ठरते. मार्च २०२० मध्ये या मार्गावर जी बोट सुरू झाली, तिच्यात सुमारे ५०० प्रवासी आणि दीडशेच्या आसपास गाड्या मावतात. परंतु एखाद्या फेरीला गाड्यांची जागा संपून माणसांची शिल्लक राहते, तर एखाद्या फेरीला नेमके उलटे होते. एखादी बस किंवा जड वाहन असले की ते कुठे उभे करायचे, हे बोटीचा तोल पाहून ठरवावे लागते, आणि म्हणून धक्क्यावरून रिकामा दिसणारा प्रत्येक कोपरा भरता येतोच असे नाही.

त्याहून मोठी गोष्ट प्रवाशांच्या यादीची आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा बोटीवर एकूण किती माणसे होती, याचे आकडे त्या संध्याकाळभर बदलत गेले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. शोध घेणाऱ्यांना पाण्यात अजून किती जण आहेत हेच ठाऊक नसेल, तर शोध कधी थांबवायचा हेही ठरवता येत नाही. माणूस एका फेरीवर आणि त्याचे नाव दुसऱ्या फेरीच्या यादीत, ही स्थिती म्हणूनच धोक्याची असते. तुम्हाला आधीच्या फेरीत घेतले, तर तिकिटावरील नोंद बदलून घ्या आणि चौघांचीही नावे बदलली आहेत याची खात्री करा. गेटवरच्या एखाद्याने ‘जा, काही होत नाही’ असे म्हटले, तरी नोंदीशिवाय बोटीवर चढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर : रेवसकर

मूळ प्रश्न गाडीचा आहे, तरी गाडीशिवाय जाणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहितो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचचे खिडकीवर काढलेले तिकीट साधारणपणे त्या कंपनीच्या पुढच्या लाँचला चालते, त्यामुळे लवकर पोहोचणाऱ्याला लवकर जाता येते. मात्र एका कंपनीचे तिकीट दुसरीच्या लाँचला चालत नाही आणि पावसाळ्यात ही सेवा बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून रेवस आणि मोरा येथे जाणाऱ्या लाँचना घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच अधिक आवरते, तेव्हा तेथे लवकर पोहोचूनही ओहोटी सरेपर्यंत थांबावे लागू शकते.

ठाणेकर गृहिणी (प्रवासानंतर)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही पावणेदोन तास आधी पोहोचलो. गाडी बाजूला लावून मी आधी खिडकीवर गेले, तेव्हा माणसांसाठी जागा आहे पण गाडीसाठी नाही, असे सांगून त्यांनी शेवटपर्यंत थांबायला सांगितले. गेट बंद होण्याच्या वेळी एकच गाडी कमी आली आणि ती जागा आमच्याआधी नाव दिलेल्या कुटुंबाला मिळाली, जे योग्यच होते. सासूबाई आणि मुलीने आधी पुढे जावे, असा विचार क्षणभर मनात आला होता. परंतु गाडी मागून येईपर्यंत त्या दोघींना मांडव्याला ताटकळत बसावे लागले असते, म्हणून तो सोडून दिला. प्रतीक्षागृहात सावलीत बसून आम्ही घरून आणलेले थालीपीठ खाल्ले आणि आमच्याच फेरीने गेलो. सासूबाईंना त्रास झाला नाही.

परतताना मात्र आम्ही रविवार टाळून सोमवारी सकाळी निघालो. मांडव्याला तासभर आधी पोहोचलो, विचारल्याबरोबर आधीच्या फेरीत जागा मिळाली, आणि दर्यावर्दी काकांनी सांगितल्याप्रमाणे चौघांची नावे आणि गाडीचा क्रमांक नव्या फेरीत आल्याचे पाहूनच आम्ही पुढे गेलो. मुलीच्या नावाची नोंद जुन्याच फेरीत राहिली होती. विचारल्यावर ती लगेच दुरुस्त करून मिळाली.