अंगठा उठत नाही, चेहरा जुळत नाही: तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आईबरोबर रेशनला गेलो होतो. गाव भोरकडचं. दुकानदार घरचाच म्हणावा असा. आईला काकू म्हणतो, माझ्या लग्नात पंगतीला वाढायला होता. त्यानं मशीन पुढे केलं, आईनं अंगठा ठेवला. जुळला नाही. मग तर्जनी, मग डाव्या हाताची बोटं. "काकू, बोट जरा केसांत घासा," दुकानदार म्हणाला. तेल लागलं की ठसा उठतो म्हणे. आईनं पदर सारून बोट केसांत फिरवलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मागे रांगेत अकरा माणसं. त्यातली नऊ तिला माहेरच्या नावासकट ओळखतात.

चाळीस वर्षं भाताची लावणी आणि राखेनं भांडी. बोटावर रेषा उरतील कुठून?

आई नव्वदच्या दशकात साक्षरता वर्गात सही शिकली. तेव्हा ती ३८ वर्षांची होती. रात्री जेवणं उरकली की कंदिलापुढे पाटीवर स्वतःचं नाव गिरवायची. बँकेत पहिल्यांदा सही केली त्या दिवशी तिनं घरी येऊन शिरा केला होता. गावात अंगठेबहाद्दर म्हणून हसायचे ते थांबलं. आता म्हातारपणी सही कुणी मागत नाही, अंगठा मागतात, आणि तो उठत नाही.

आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. म्हणजे आपल्याला सवय होऊन पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत यंत्रानं तुम्हाला कधी "हा माणूस तू नव्हेस" असं सांगितलंय का? किंवा उलट, यंत्रामुळे एखादी अडचण सुटली का? मतं मांडा, पण आधी घडलेलं सांगा. आधार वाईट की चांगलं यावरच्या कुस्त्या नकोत, त्या घरोघरी चालू आहेतच.

परभणी जिल्हा, अंगणवाडी सेविका

दादा, तुमच्याकडे अजून अंगठ्यावर भागतंय. आमच्याकडे चेहरा लागतो. १ जुलै २०२५पासून गरोदर बाया, स्तनदा माता आणि लहान लेकरं यांचा घरी न्यायचा आहार चेहरा पडताळल्याशिवाय द्यायचा नाही, असा नियम आहे. आधी आधारची केवायसी, त्याचा ओटीपी. मग दर महिन्याला मोबाईलसमोर बाईला बसवायचं, चौकटीत चेहरा आणायचा, डोळे मिचकवायला सांगायचं. लेकरासाठी आईचा चेहरा.

आता आमच्या वस्तीवरचं सांगते. दसरा-दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते. घरात मोबाईल एक, तो नवऱ्याच्या खिशात. बाई बाळंतपणासाठी मागं राहिलेली. ओटीपी जातो सांगलीला, बाई इथं. मी त्याला फोन लावते, तो फडात, आवाज येत नाही. लागला तर म्हणतो, "मॅडम, बँकेवाले म्हणतात ओटीपी कुणाला सांगायचा नाही." खरंच आहे त्याचं! कुणावर चिडू?

एका पोरीचा फोटो तिसऱ्या महिन्यात काढलेला. आठव्यात तोंड सुजलं, डोळ्याखाली काळं आलं. तीनदा मिचकावले डोळे, जुळेना. पाचव्यांदा ती रडायलाच लागली. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. त्या पोरीचं वजन दर महिन्याला मी करते, तिच्या सासूशी तिच्या खाण्यावरून मी भांडले, आणि ही तीच आहे का हे मला मोबाईल सांगणार. रेंजसाठी आम्ही पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढतो. आठव्या महिन्याच्या बाईला तिथं कशी चढवू?

मी पाकीट दिलं तिला. पाकीट तिच्या घरी, ॲपवर नोंद शून्य. नोंद नाही म्हणजे वाटप नाही, वाटप नाही म्हणजे मी कामचुकार. नोटीस कधी येते ते बघतेय.

ठाणे, बँकेतून निवृत्त

दुसरी बाजूही लिहून ठेवतो. वाचून राग येईल काहींना, चालेल.

मी ३४ वर्षं काउंटरवर काढली. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची गर्दी. पक्षाघात झालेल्या एका आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोन नातवंडांनी पायऱ्या चढवून आणलेलं मी पाहिलंय. काय सिद्ध करायला? तर ते जिवंत आहेत. आम्हीही निर्दयपणे म्हणायचो, "मॅनेजरसाहेब जेवायला गेलेत, बसा." २०१४ साली डिजिटल हयातीचा दाखला आला, पण तोही बोटांच्या ठशांवर. पुढे २०२१मध्ये चेहऱ्यावर दाखला निघायला लागला. गेल्या वर्षी माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आईचा दाखला मी घरी, तिच्या उशाशी बसून काढला. तिला कळलंही नाही. फोटो काढतोय म्हणून तिनं केस सारखे केले, एवढंच.

तेव्हा यंत्र बंद करा म्हणणाऱ्यांना माझी विनंती, ती खुर्ची आठवा. आणि जुन्या काळी रेशनवर मेलेल्या माणसांच्या नावानं साखर उचलली जायची, तेही आठवा. माणूस ओळखत होता म्हणून सगळं नीट चालत होतं, असं नव्हे. ओळखणारा माणूसच लुबाडायचा.

पुणे, सोसायटीच्या कमिटीत होते

होते, आता नाही.

गेटवर ॲप घ्यायचं ठरलं तेव्हा मीच जोरात हात वर केला होता. दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. कामाला येणाऱ्या सगळ्यांचे फोटो, आधारच्या झेरॉक्स, फोन नंबर गोळा केले. आमचे कुणाचे नाही घेतले बरं का! ॲपमध्ये प्रत्येक बाईच्या नावापुढे ती किती वाजता आली, किती वाजता गेली, कुठल्या कुठल्या घरी काम करते हे सगळ्या सोसायटीला दिसतं. आणि तारे. पाचपैकी किती.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी नऊ वर्षं येतात. एकदा लेकीचा फोन हातात धरून आल्या, त्यात कुणीतरी पाठवलेला स्क्रीनशॉट. म्हणाल्या, "ताई, हे साडेतीन तारे म्हणजे कमी का जास्त?" मला काही सुचेना. कुणी दिले साडेतीन? सी विंगमधल्या एका बाईंनी सुट्ट्या फार घेतात म्हणून कापले होते. त्या सुट्ट्या मावशींच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या होत्या.

मी कमिटीत विषय काढला. तारे काढून टाका, नाहीतर मावशींनाही आपल्याला तारे देऊ द्या. पगार वेळेवर, चहा, बोलण्याची पद्धत, सगळ्याला. एवढा हशा पिकला की पुढचा विषय सुरू झालेलाही कुणाला कळलं नाही. सायकली, सांगायचं राहिलं, पार्किंगमध्येच सापडल्या. तळघरात कुणीतरी हलवून ठेवल्या होत्या.

सोलापूर

माझं थोडं वेगळं आहे. आमच्या समाजाला 'नोंद' हा शब्द नवा नाही.

१८७१ला इंग्रजांनी कायदा केला आणि आमच्यासारख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणाची. माझे आजोबा तिथं जन्मले. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास. गिरणीत आठ तास राबून आलेला माणूस पुन्हा हजेरीला उभा. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का निघाला, म्हणून आम्ही त्या दिवशी विमुक्त दिन पाळतो. आजोबा मात्र मरेपर्यंत परगावी गेले की खिसा चाचपायचे. पास शोधायचे.

मागच्या सणाला माझ्या धाकट्या भावाला चौकीवर बोलावलं. गुन्हा नाही, तक्रार नाही. मोबाईलवर फोटो काढला: समोरून, उजवीकडून, डावीकडून. तो बी.कॉम. झालाय, त्यानं विचारलं, कशाला? "सिस्टीमला टाकायचाय." कुठल्या सिस्टीमला, किती दिवस, काही नाही. २०२२च्या कायद्यानं अटक केलेल्यांच्या बोटांचे ठसे, बुबुळं असली मापं घेता येतात आणि नोंद ७५ वर्षं ठेवता येते. पण भाऊ तर अटकेतही नव्हता!

वर निवृत्त साहेबांनी लिहिलंय ते मला पटतं. त्यांच्या आईला चेहऱ्यानं सोय झाली. पण एकच कॅमेरा त्यांच्याकडे बघतो आणि आमच्याकडे बघतो, तेव्हा एकच गोष्ट शोधत नसतो. चेहरा सिस्टीममध्ये गेला की पुढं कुठंही चोरी झाली, सिस्टीम म्हणाली हा याच्यासारखा दिसतो, की झालं. हजेरी द्यायला आजोबांना निदान चालत जावं लागायचं.

ठाणे, बँकेतून निवृत्त

वाचलं. याच्यावर मला उत्तर नाही.

जोहान्सबर्ग

इथे नोकरीनिमित्त सहा वर्षं आहे. ऑफिसच्या गेटवर रोज बोट ठेवतो, कधी विचार केला नव्हता. एका रविवारी न्यूटाऊन भागातल्या हमीदिया मशिदीपाशी गेलो. १६ ऑगस्ट १९०८ रोजी इथेच भारतीय लोकांनी दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रं मोठ्या कढईत घालून जाळली. ट्रान्सवालमधल्या (जोहान्सबर्ग तेव्हा ज्या वसाहतीत होतं ती) प्रत्येक भारतीय माणसानं बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायची आणि पत्र सतत जवळ बाळगायचं, असा तो कायदा. त्याविरुद्धची शपथ त्याआधी ११ सप्टेंबर १९०६ला याच शहरातल्या एम्पायर थिएटरच्या सभेत घेतली गेली होती. सत्याग्रहाची सुरुवात मिठापासून झाली असं शाळेत डोक्यात बसलेलं. सुरुवात बोटांच्या ठशांपासून आहे.

मला जास्त रुतलं ते मधलं प्रकरण. जानेवारी १९०८मध्ये तडजोड झाली: लोकांनी आपणहून नोंदणी करायची, मग सरकार सक्तीचा कायदा मागे घेईल, असं गांधींनी धरलं. ते स्वतः ठसे द्यायला निघाले तर त्यांच्याच बाजूच्या चिडलेल्या पठाणांनी रस्त्यात मारलं. तरी त्यांनी अंथरुणात पडून ठसे दिले. दहाच्या दहा बोटांचे. पुढे सरकारनं कायदा काही मागे घेतला नाही, तेव्हा तीच पत्रं कढईत गेली.

सोमवारी ऑफिसला गेलो, बोट ठेवलं, दार उघडलं. मी काय कढई पेटवणार! पण एचआरला मेल टाकली, की नोकरी सोडली तर माझा ठसा पुसणार का. अजून उत्तर आलेलं नाही.

नागपूर, वकिली

अनुभव नंतर, आधी कामाचं. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. (त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूडांनी, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं म्हणणारा आणीबाणीतला १९७६चा निर्णय चूक ठरवला, ज्याच्या बहुमतात त्यांचे वडील होते. मराठी घरात बापाला असं लेखी कोण सुनावतं!) २६ सप्टेंबर २०१८ला आधार चार विरुद्ध एक असं टिकलं, पण खासगी कंपन्यांना ओळखीसाठी ते वापरू देणारी कलम ५७मधली वाट बंद झाली. ठसा जुळला नाही म्हणून हक्काचं धान्य अडवायचं नाही, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवायची, हेही तिथे स्पष्ट आहे. २०२३चा डेटा संरक्षण कायदा संमतीची भाषा करतो, पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मोठी खिडकी त्यात आहे.

हे सगळं मी एका अशिलाला समजावलं. त्याच्या खात्यातून आधार-अंगठ्यावर दहा हजार गेले होते, बँकेची पायरी न चढता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वकीलसाहेब, पासवर्ड बदलता येतो. अंगठा कसा बदलू?" त्याला आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक कुलूपबंद करून दिलं. तुम्हीही करा, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त रेशनला जायच्या आधी उघडायला विसरू नका, माझ्या सासऱ्यांचं तसंच झालं आणि शिव्या मला पडल्या.

परभणी जिल्हा, अंगणवाडी सेविका

वकीलदादा, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवायची म्हणता, ते कागद कुठं मिळेल? सुपरवायझर मॅडमला दाखवते.

आणि भोरवाले दादा, तुमच्या आईला त्या दिवशी धान्य मिळालं का नाही, ते सांगितलंच नाही तुम्ही.

भोर

मिळालं. दुकानदारानं सगळी बोटं संपल्यावर हात टेकले आणि म्हणाला, "अण्णांना घेऊन या, कार्डावर त्यांचंही नाव आहे." मी जाऊन अण्णांना आणलं. ते आयुष्यभर दूध डेअरीवर हिशेब लिहायला होते. चप्पल न काढता आत आले, अंगठा ठेवला, पहिल्या फटक्यात उठला. "एवढ्यासाठी बोलावलं?" म्हणाले.

घरी येताना आई पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसली होती. बराच वेळ स्वतःची बोटं बघत होती. मग मला म्हणाली, "उठणारच की त्यांचा. त्यांनी कधी पेला विसळलाय?"