हार्डी वाचताना म्हणे मेंढ्या वगळा!

माळरान
'पहिल्यांदा हार्डी वाचणाऱ्यांसाठी' या लेखातला सल्ला असा: टॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' ही इंग्रजी कादंबरी घ्या, मेंढ्या, गंजी, कोठारं यांची प्रकरणं चाळून सोडा आणि बाथशीबा व तिचे तीन उमेदवार एवढंच वाचा. बाकी सगळी मासिकासाठी केलेली भरताड. हे वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाचव्या प्रकरणात गॅब्रिएल ओकचा नवखा कुत्रा त्याच्या दोनशे गाभण मेंढ्यांना हुसकावत खडूच्या खाणीच्या कड्यावरून खाली पाडतो. मेंढ्या उधारीच्या, विमा नाही. देणी फेडून अंगावरच्या कपड्यांनिशी तो बाहेर पडतो. बाथशीबाला लग्नाची मागणी घातली तेव्हा तो कळपाचा मालक होता आणि ती मामीच्या घरी राहणारी मुलगी. आता तिच्याकडे वारशाने आलेली शेती आणि हा तिचा मेंढपाळ. कडा वगळलात तर हा उलटफेर कुठून कळणार?

आणि ३६ ते ३८ ही प्रकरणं वगळायची? बाथशीबाचा नवरा सार्जंट ट्रॉय याने सगळ्या गड्यांना ब्रँडी पाजून आडवं केलंय. वाटेवर बेडूक, घरात गोगलगाय, वादळाच्या दिशेला शेपट्या करून दाटीने उभ्या मेंढ्या, एवढ्यावरून ओक पाऊस ओळखतो. गव्हाच्या पाच गंजी, जवाच्या तीन, एकूण साडेसातशे पौंडांचा माल उघड्यावर. तो एकटा झाकायला आणि शाकारायला लागतो. गंजीत खोचायच्या लोखंडी सळईला जनावर बांधायची साखळी अडकवून तिचं टोक जमिनीवर सोडतो, म्हणजे वीज उतरायला वाट. बाथशीबा पेंढ्या वर चढवते आणि ट्रॉयशी लग्न का केलं ते त्याच गंजीवर त्याला सांगते. दुसऱ्या दिवशी कळतं, तिच्या उमेदवारांपैकी एक असलेल्या शेजारच्या बोल्डवुडने स्वतःच्या गंजी झाकल्याच नाहीत. इतका काटेकोर शेतकरी पिकावर पाणी सोडतो, यावरून त्याची अवस्था कळते. यात भरताड कोणती?

सायंतारा
तो सल्ला मला पटतो. नवा वाचक गळतो तो आठव्या प्रकरणात. मद्यासाठी जव भाजायच्या त्या घरात दहा माणसं डॉर्सेटच्या बोलीत गप्पा मारतात आणि कोण कोण आहे तेच लागत नाही. पूर्ण सोडण्यापेक्षा ते प्रकरण सोडलेलं बरं.

शिवाय याला प्रेमकथा म्हणणंच मला मान्य नाही. बोल्डवुडला पाठवलेल्या एका व्हॅलेंटाइनवर 'मॅरी मी' असा शिक्का थट्टेत मारल्याची शिक्षा बाथशीबाला पुस्तकभर भोगावी लागते. शेवटी दमलेली बाई चाकरीतल्या माणसाशी लग्न करते, आणि आपण त्याला सुखान्त म्हणायचं?

कोरडवाहू
शेतीचा तपशील अचूक असतो म्हणून हार्डीचे गोडवे गाता ना? मग २१वं प्रकरण बघा. कुंपण मोडून ५७ मेंढ्या कोवळ्या क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकात शिरतात, पोटं फुगतात. ओक डाव्या भकाळीत नळीसकट सुई घालतो, सुई काढतो, नळी ठेवतो, वारा सुटतो. ४९ वाचल्या, एकीवर नेम चुकला ती मेली, चार आधीच मेल्या, तीन आपोआप बऱ्या झाल्या. हे जमणारं नाही. क्लोव्हर, लसूणघास, बरसीम यांनी होते ती फेसाळ पोटफुगी. वायू बारीक बुडबुड्यांत अडकलेला असतो, नळी लावली की तोंडाशी फेस येऊन ती बुजते.

कासरा
अर्धवट माहितीवर हार्डीला खोटं पाडू नका. ट्रोकार-कॅन्युला, म्हणजे हीच नळीसकट सुई, शेवटचा उपाय आहे. कोटीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं मोठं पोट, फुगून छातीचा पडदा दाबला जातो, श्वास कोंडतो आणि जनावर त्यानेच दगावतं. थोडा दाब उतरला तरी वेळ मिळतो. जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, फुगवट्याचा सर्वांत उंच भाग. लोकर कापा, आयोडीन लावा, कातडीला छोटा छेद द्या आणि टोक उजव्या कोपराच्या रोखाने खाली घाला. नळी बुजली तर तिच्यातूनच गोडंतेल सोडा, तेलाने फेस मोडतो. जनावर उभं असेल तर आधी तोंडावाटे ५० ते १०० मिली तेल पाजा, पण मान उंच धरू नका, तेल फुप्फुसात जाईल. आपले धनगर तोंडात आडवी काठी बांधतात ती लाळ सुटावी म्हणून, आणि लाळेनेही फेस कमी होतो.

शिवारफेरी
आमच्याकडे कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांनीही असंच होतं. तिथेही सुईच.

कासरा
अजिबात नाही! ती सायनाइडची विषबाधा. तिथे सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं, तेही तातडीने, पशुवैद्यकाकडून. पोटात सुई घालत बसलात तर जनावर हातचं जाईल. असले सल्ले उघड्यावर देऊ नका.

कोरडवाहू
तेलाचं मान्य. पण ओकने तेल घातलेलं नाही. आणि नळी सरकून कोटीपोटातला मळ पोटाच्या पोकळीत सांडला तर दोन-चार दिवसांत आतून पू होऊन मेंढी मरते. त्या ४९पैकी पुढे किती जगल्या यावर हार्डी गप्प आहे.

कासरा
गप्प आहे, हे खरं. तेवढं तुमचं.

माळरान
धागा पोटफुगीवर गेलाच आहे तर तो प्रसंग प्रेमकथेत काय करतो तेही बघा. आदल्याच दिवशी तिने ओकला कामावरून काढलंय. आता सुई चालवता येणारा तोच एक. ती हुकूम पाठवते, तो येत नाही. मग ती चिठ्ठीत विनवते, मला सोडून जाऊ नकोस, आणि तो येतो. सायंतारा, तिला नुसती शिक्षा झाली म्हणता, पण मालकीणपण बाजूला ठेवून ती पहिल्यांदा बोलते ती इथे, मेंढ्यांपायी. शेवटच्या दोन प्रकरणांतली सोबत याच कामांतून आलेली आहे.

सायंतारा
चिठ्ठीचा मुद्दा घेते, नाइलाजाने. शिक्षेचा सोडत नाही. ट्रॉयची आधीची प्रेयसी फॅनी त्याच्याशी लग्न लावायला ऑल सेंट्सऐवजी ऑल सोल्स चर्चमध्ये जाऊन उभी राहते, एवढ्या चुकीपायी तिचा जीव जातो. शवपेटीवर खडूने लिहिलेल्या 'फॅनी रॉबिन आणि मूल' यातलं 'आणि मूल' ओक पुसून टाकतो आणि तुम्ही त्याच्या चांगुलपणाचं कौतुक करता. ही कादंबरी छापणाऱ्या 'कॉर्नहिल' मासिकाचा संपादक लेस्ली स्टीफन यालाही तो भाग सौम्य हवा होता. बाईचं दुःख झाकण्यात सगळेच पुढे.

नव्या वाचकाला माझा सल्ला: १८७४च्या जानेवारी ते डिसेंबर हे पुस्तक बारा हप्त्यांत आलं. ५७ प्रकरणं आहेत, तशीच चार-पाचच्या घासात वाचा. मेंढ्या ठेवा. आठवं वगळा.

माळरान
वगळा, पण त्याची शेवटची दोन पानं वाचाच. कारभारी पेनीवेज जव चोरताना सापडल्याची आणि फॅनी बेपत्ता झाल्याची बातमी तिथेच येते. पेनीवेजला विसरलात तर ५०व्या प्रकरणात जत्रेत ट्रॉयला ओळखणारा हा कोण, म्हणून पानं मागे उलटत बसाल.