सरस्वती महासमूहाचे वस्तुमान

एका सदस्याने विचारले आहे की दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड मेळाव्यांच्या) वेगांवरून त्यांच्या समूहाचे वस्तुमान काढता येते, तर तीच रीत अनेक समूह मिळून बनलेल्या सरस्वतीसारख्या महासमूहाला का लावत नाहीत. प्रश्न रास्त आहे.

खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा या दीर्घिकासमूहासाठी ही रीत वापरली: दीर्घिकांचे वेग जितके जास्त, तितके त्यांना बांधून ठेवायला वस्तुमान जास्त लागते. ताम्रसृतीवरून (दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे सरकतो त्यावरून) फक्त आपल्या दृष्टिरेषेतला वेग कळतो, म्हणून सर्व दिशांना वेग सारखेच विखुरलेले आहेत असे मानून उरलेल्या दोन दिशांची भर घालावी लागते. (वस्तुमान आणि प्रकाश यांच्या गुणोत्तराचा त्यांचा आकडा आज फार फुगलेला वाटतो, कारण त्या काळी हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, बराच जास्त धरला जाई; समूहात न दिसणारे वस्तुमान बरेच आहे हा निष्कर्ष मात्र टिकला.)

या गणितामागचे खरे गृहीतक असे, की समूह गुरुत्वाने बांधलेला असून समतोलात स्थिरावलेला आहे, म्हणजे दीर्घिका त्यात अनेकदा आरपार फिरून वेग आणि गुरुत्व यांचा तोल साधला गेला आहे. सेकंदाला १००० किलोमीटर वेगाने जाणारी दीर्घिका विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेमतेम साडेचार कोटी प्रकाशवर्षे कापते, आणि पुण्यातील आयुका व आयसर या विज्ञान संस्थांतील संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती महासमूह तर सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. तो एकदाही पुरता ढवळला गेलेला नसताना समतोल कुठून येणार? म्हणून अशा ठिकाणी घटक समूहांची वस्तुमाने वेगवेगळी अंदाजून त्यांची बेरीज करणे किंवा त्या आकारमानातील घनता विश्वाच्या सरासरीहून किती जास्त आहे हे पाहणे, हेच मार्ग उरतात. सरस्वतीसाठी दिला जाणारा सूर्याच्या सुमारे २ कोटी अब्ज पट हा आकडा त्यामुळे अंदाज म्हणूनच वाचावा, असे माझे मत आहे.