किरायाच्या खोलीची अनामत कापली: काय परत मिळतं, कसं? आपापले अनुभव लिहा

मे-जूनच्या बदल्या लागल्या की तालुक्याच्या गावी हा वाद ठरलेला. मास्तर, सिस्टर, बँकेतले बाबू खोली सोडतात आणि अनामतीतून रंग, भेगा, मीटर कापलं जातं. रडगाणं नको, नेमकं लिहा.

रंगारी, दारव्हा
बिलात आधी किलो पाहा. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घ्या. भिंती 440 चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता 400. डिस्टेंपरचे दोन हात मारायला सात-आठ किलो पुरते, छताला अजून दोन-अडीच. एका खोलीच्या बिलात वीस किलोची बादली दिसली तर उरलेली कुठं गेली ते विचारा बाप्पा! रंग फिका पडणं ही वापराची झीज, तिचे पैसे लागत नाहीत. पोरांनी पेनानं रेघा ओढल्या, खिळा उपसताना पोपडा निघाला, तर लागतात; तेही रंगाच्या उरलेल्या आयुष्यापुरते. डिस्टेंपर चार वर्षं धरला, तीन राहून झाले आणि खर्च 6,000 असला, तर 1,500.

बांधकामावरचा सुपरवायझर, दर्यापूर
भेगांवरून फार फसवाफसवी होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी, एप्रिलमध्ये रुंदावणारी भेग पायव्याची असते. किरायदाराच्या खिळ्यानं ती पडत नाही. राहायला जाताना भेगेवर नाणं ठेवून फोटो काढला की नंतर मापच हाती राहतं.

कूलरचं उलट. आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, कूलर गळला की खिडकीखालून पांढऱ्या क्षाराचा ओघळ उतरतो, खालचं प्लास्टर भुसभुशीत होतं. तो खर्च किरायदाराचाच, वाद घालू नये. डाग छतापासून खाली येत असेल तर स्लॅब पाझरतो. ते घरमालकाचं काम.

वायरमन, मेहकर
किल्ली देण्याच्या दिवशी मीटरचा फोटो घ्या, आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत. महावितरणचं रीडिंग वेगळ्या तारखेला होतं, म्हणून पुढच्या बिलातले तुमच्यानंतरचे युनिट तुमच्या माथी येतात. सबमीटर, म्हणजे घरमालकाच्या मुख्य मीटरपुढं खोलीसाठी लावलेलं मीटर, असेल तर त्याचंही ऐका: दोन बिऱ्हाडांचे 90-90 युनिट एकाच मीटरवर 180 होतात आणि शंभराच्या वरचे 80 महागड्या टप्प्यात जातात. तो जास्त दर लावतो म्हणून लगेच लबाड ठरत नाही. मूळ बिल मागा, एकूण रकमेला एकूण युनिटनं भागा, आलेला दर आपल्या युनिटला लावा.

वकील, तालुका न्यायालय
गावठाणातल्या घराला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 सरसकट लागू नाही. तो त्याच्याच अनुसूचीत, म्हणजे शेवटच्या यादीत, नावं असलेल्या क्षेत्रांपुरता आहे. पण भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 108 आहेच: जागा मिळाली तशी परत द्यायची, वाजवी झीज वगळून. जिथं 1999 चा कायदा लागतो तिथं कलम 55 प्रमाणे करार नोंदवणं घरमालकाची जबाबदारी. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे इकडं निम्म्या लोकांना ठाऊक नसतं.

नोटीस पानभर पुरे: अनामत किती, कधी, कशानं दिली, किल्ली कोणत्या तारखेला दिली, कोणती कपात मान्य, कोणती नाही, बिलाच्या प्रती द्या, बाकी रक्कम पंधरा दिवसांत. स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. अर्धी रक्कम घेताना ‘हिशेब पूर्ण’वर सही केली की पुढचं सगळं अवघड. ‘बाकीचा हक्क राखून’ असं लिहून सही करा. व्हॉट्सअॅपचे संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दाव्याची मुदत तीन वर्षं.

एवढ्याशा रकमेला दावा परवडत नाही, म्हणून आधी तालुका विधी सेवा समितीकडं दाखलपूर्व अर्ज द्या, प्रकरण लोक अदालतीत जातं. कोर्ट फी नाही. दोघं राजी झाले तर निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही. राजी नसतील तर मात्र तिथून रिकाम्या हातानं परतावं लागतं.

आरोग्यसेविका, आरमोरी
तंटामुक्त समितीत मिटत असेल तर तडजोड कागदावर घ्या, रक्कम आणि तारीख घालून. ‘दिवाळीनंतर देतो’ ही तारीख नसते.