दोन औषधं झाली, की लगेच शिक्का?

मिठाचा_खडा: काल एकाने ठोकून दिलं: "दोन औषधांनी गुण आला नाही, म्हणजे तुमचं नैराश्य उपचारांना दाद न देणारं. आता केटामाइन (भुलीचं औषध, नैराश्यावरही देतात) नाहीतर शॉक (भूल देऊन मेंदूला विजेचे झटके)." डोकंच फिरलं. व्याख्येतलं 'पुरेसा डोस, पुरेसे आठवडे' कुठे गिळलंत? माझी पहिली गोळी तिसऱ्याच आठवड्यात बदलली, दुसरीचा डोस वाढवलाच नाही. तरी फाइलवर शिक्का! पुढे एका डॉक्टरांनी विचारलं, "कधी चार-पाच दिवस झोप नाही, तरी अंगात वारं शिरल्यासारखं?" होतं की. रात्री तीनला सगळी कपाटं उपसली होती, घरच्यांनी कौतुक केलं होतं. बायपोलर निघालं, म्हणजे कधी उदासी, कधी असा अतिउत्साह. हट्टी काय होतं, आजार की निदान?

तिरकस: तो 'एक' मीच. स्टार-डी वाचा, नैराश्याच्या उपचारांचा मोठा अमेरिकी अभ्यास, 2006. गुण आला नाही की पुढच्या टप्प्यात औषध बदलायचं किंवा जोड द्यायची. पहिल्या टप्प्यात साधारण 37 टक्के बरे, दुसऱ्यात 31, तिसऱ्यात एकदम 14. रेघ दोनवर उगाच नाही मारली.

जागरण: स्टार-डी! 2023च्या फेरतपासणीत चार टप्प्यांचे मिळून 67 टक्के होते ते 35 वर आले.

तिरकस: मूळ संशोधकांना ती मान्य नाही, तेही सांगा.

जागरण: त्यांना कशी असेल! आणि 'बरा' ठरवतं कोण? बऱ्याच ठिकाणी अजून हॅमिल्टनची नैराश्य मोजायची 1960ची प्रश्नावली, गुण जितके जास्त तितकं नैराश्य जास्त. 17 प्रश्न, त्यातले तीन झोपेचे, त्यांचेच सहा गुण. मला झोपेची गुंगी आणणारं औषध दिलं, आकडा उतरला, डॉक्टर खूश. मी आधी जागेपणी भिंतीकडे बघायचो, आता उठल्यावर बघायचो. एवढाच फरक.

तिरकस: झोप लागणं ही सुधारणा नाही?

जागरण: सहा महिने जागून बघा, मग बोलू. झोप हवीच होती. पण तिला 'मन सुधारलं' म्हणू नका.

पाचवी_ओळ: गोळी पोटात जाते का, हे कुणी विचारलं? भावाच्या उशीच्या अभ्र्यात अकरा गोळ्या सापडल्या.

मिठाचा_खडा: आला, पेशंटवर दोष आला!

पाचवी_ओळ: दोष कसला? गोळीने वजन वाढत होतं, सांगायची लाज वाटत होती. डॉक्टर डोस वाढवत राहिले.

तिरकस: बरं बाई, जिंकलात. डोस, आठवडे, थायरॉइड, बायपोलर, उशी, सगळं तपासा, मग रेघ मारा. पण चार औषधं इमानाने घेतलेल्यांना 'आधी निदान बघू' म्हणत वर्षभर लटकवू नका. माझी बायको तशीच लटकली होती. शॉकच्या पाचव्या वेळेनंतर तिने स्वतःहून केस विंचरले.

मिठाचा_खडा: हे आधी लिहायचं होतंत. शॉकवर माझा राग नव्हताच.

जागरण: हॅमिल्टनचं उत्तर अजून आलेलं नाही.