‘वीज कंपनीच्या हातात काही नाही’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

निवृत्त_उपकेंद्र (टिळकवाडी, बेळगाव)

परवा आपल्या गटात एक पोस्ट फिरली. म्हणणं असं : “कोळसा जळतो रायचूरला, बळ्ळारीला, कुडगीला. आपली वितरण कंपनी नुसती तार ओढते. सरकारने कायदा केला तर ती काही करेल, तोवर ग्राहकाने एसी बंद ठेवावा.” खाली अंगठ्यांची रांग. माझी सगळी नोकरी उपकेंद्रात गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

कोळशावरच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ते युनिट तुमच्या घरात पोचलं काय आणि वाटेत तार तापवून संपलं काय, धूर तेवढाच. म्हणजे तारेतला तोटा कमी करणं हेच धूर कमी करणं, आणि ते पूर्णपणे कंपनीच्या हातात आहे. शेतात बघा. गावाच्या कडेला एक मोठा टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तिथून एलटी, म्हणजे कमी दाबाची, लाईन बांधाबांधाने पार शेवटच्या विहिरीपर्यंत. करंट दुप्पट झाला की तारेतला तोटा चौपट होतो. त्याऐवजी ११ केव्हीची, म्हणजे जास्त दाबाची आणि कमी करंटची, लाईन शेतापर्यंत न्यायची आणि तीन-चार पंपांत मिळून २५ केव्हीएचा छोटा टीसी बसवायचा. तोटा उतरतो, शेवटच्या माणसाला व्होल्टेज मिळतं, आकडा टाकणंही अवघड होतं. नवे टीसी घेताना अमॉर्फस (खास मिश्रधातूच्या पातळ पट्ट्यांच्या) गाभ्याचे घ्यावेत. साध्या टीसीचा गाभा लोड नसतानाही चोवीस तास वीज खात असतो, अमॉर्फसचा त्या मानाने फारच कमी खातो. किंमत जास्त पडते, पण टीसी वीस-पंचवीस वर्षं खांबावर असतो.

दुसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. ११० केव्हीच्या ब्रेकरमध्ये, म्हणजे बिघाड झाला की लाईन तोडणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये, ठिणगी विझवायला एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायू असतो. त्याचा एक किलो निसटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवीस हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. प्रेशर उतरलं की सिलिंडर जोडा, भरा, पुढे चला, ही रीत मी वर्षानुवर्षं बघितली. उतरलेला वायू गेला कुठे, हे कुणी विचारलं नाही. अमेरिकेत १९९९ पासून वीज कंपन्यांनी तिथल्या पर्यावरण संस्थेबरोबर स्वेच्छेने हे काम हाती घेतलं. वायू किती विकत घेतला, किती भरला, किती परत काढला, याचा हिशेब ठेवायचा. गळती शोधायची. ब्रेकर उघडताना वायू हवेत न सोडता मशीनने ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा. सामील झालेल्या कंपन्यांच्या गळतीचं प्रमाण निम्म्याहून बरंच खाली आलं. हे काम वहीत नोंद लिहिण्यापासून सुरू होतं. त्याला कुठला कायदा लागतो?

तिसरी गोष्ट पंपांची वेळ. रात्री शेताला वीज देण्याची पद्धत पडली, कारण रात्री कारखाने-घरं निजली की कोळशाच्या संचांना गिऱ्हाईक नसायचं. आता उलटं झालंय. दुपारी पावगडच्या सौर उद्यानाची २,००० मेगावॅटवर वीज येते, संध्याकाळी सूर्य मावळला की सगळी भिस्त पुन्हा कोळशावर आणि शरावतीसारख्या पाण्यावरच्या विजेवर. मग शेताचे तास दिवसा आणा. फिडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनची, ताकद वाढवावी लागेल, मान्य. पण हा निर्णय कंपनीचा आहे.

---

उद्यमबाग_फाउंड्री

काका, तुमचा मान ठेवून लिहितो. ‘स्वेच्छेने’ या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही. अमेरिकेचंच उदाहरण पुरं सांगा. तिथे १९९४ पासून वीज कंपन्यांनी सरकारला स्वेच्छेची वचनं दिली होती, क्लायमेट चॅलेंज नावाचा कार्यक्रम होता. त्या सगळ्या दशकात तिथल्या वीजनिर्मितीचा धूर वाढतच गेला. उतरला तो पुढे, स्वस्त गॅस आला आणि जुनी कोळसा केंद्रं बंद पडली तेव्हा.

आणि अमॉर्फस टीसीचे पैसे कोण भरणार? कंपनी वीज नियामक आयोगाकडे जाणार, आयोग दर वाढवणार, बोजा आमच्या एचटी (उच्च दाबाच्या) बिलावर. आमच्या भट्टीचं निम्मं गणित विजेवर चालतं. परदेशी गिऱ्हाईक आता कास्टिंगमागे किती कार्बन ते विचारू लागलंय, म्हणून मला हा विषय परका नाही. पण एक सांगा, १० एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट, मीटर नाही, मग तारेत किती गेलं आणि पंपाने किती ओढलं हे ठरवतं कोण? अंदाजाने आकडा लिहितात. तोटा जास्त दिसला की पंपाच्या खात्यावर ढकलायचा. आधी प्रत्येक पंपाला मीटर बसवा, मग कार्बनचं बोला.

---

अथणी_ऊसवाला

आलं बघा पुन्हा शेतकऱ्यावर! फुकट फुकट म्हणून किती वर्षं ऐकवणार? सात तास देतो म्हणतात, त्यातले चार दिवसा, तीन रात्री, आणि त्यातसुद्धा मधेच जातं. माझ्या मेव्हण्याला रात्री पाणी पाजताना घोणस चावली. बॅटरीच्या उजेडात दारं मोडत होता. वाचला, पण पाय पहिल्यासारखा न्हाई झाला. त्या पायाचं बिल कुणाला पाठवू? तुमच्या भट्टीला रात्री कोण चावत न्हाई साहेब.

मीटर कशाला पाहिजे ते आम्हाला कळतंय. आज मोजणार, उद्या बिल देणार. माझ्या पंपाला मीटर लावू देणार न्हाई.

---

उद्यमबाग_फाउंड्री

मेव्हण्याचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण साप रात्रीच्या पाण्यामुळे चावला, मीटर नसल्यामुळे नाही. दोन गोष्टी एकत्र करू नका. फुकट आहे म्हणून सगळ्यांनी ऑटो स्टार्टर लावून ठेवलेत. करंट आला की शिवारातले सगळे पंप एकदम सुरू, टीसी जळाला, मग आठवडाभर बोंब. लाईनवरचा करंट कमी करणारा कपॅसिटर किती जणांनी लावलाय? मोटर तीन-तीनदा रिवाइंडिंग करून वापरतात, ती जास्त वीज खाते तरी कुणाला पडलेली नाही. हे सगळं कोळशावरच चालतं.

---

अथणी_ऊसवाला

करंट कधी येणार ते सांगत न्हाईत म्हणून ऑटो लावतो! रात्री दोनला उठून मळ्यात कोण जाणार, तुम्ही? टीसी जळाला की वर्गणी काढून ट्रॅक्टरने आम्हीच नेऊन देतो. आमच्या शिवारातला मागच्या उन्हाळ्यात जळाला तेव्हा ऊस डोळ्यांदेखत वाळला. आणि कारखान्यांचं का बोलत न्हाई? ऊस आमचा, चोथा आमच्या उसाचा, त्यावर वीज करून विकतात ती त्यांची, आणि दर मागितला की परवडत न्हाई.

---

वडगाव_माग

मला दोघांनाही सांगायचंय. माझे चार माग आहेत. बिल कानडीत येतं, आईला वाचता येत नाही, मी वाचते तेव्हा मागच्या बाजूला लहान अक्षरात काय छापलंय ते मलाही धड लागत नाही. दिवसा वीज वापरली तर स्वस्त पडेल असा नियम केंद्राने २०२३ मध्ये केला, सौर तासांत किमान वीस टक्के सवलत. आधी कारखाने-दुकानांना, मग शेती सोडून बाकी सगळ्यांना लागू करायचा होता. आमच्या गल्लीत एकाही मागवाल्याला हे कुणी येऊन सांगितलं नाही. लोकांच्या भाषेत सांगायलासुद्धा आता कायदा पाहिजे का?

आणि फाउंड्रीवाले दादा, स्वेच्छेने काही होत नाही हे मला पटत नाही. एलईडी बल्ब आठवतो? साध्या ६० वॅटच्या जागी ९ वॅट. २०१५ पासून सरकारी संस्थेने घाऊक खरेदी केली, वीज कंपन्यांच्या काउंटरवर विकायला ठेवले. कर्नाटकात होसबेळकु नावाने आले. घाऊक खरेदीचा भाव ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत चाळिशीच्या आत उतरला. देशभर ३६ कोटींवर बल्ब गेले. घ्यायची सक्ती कुणावर होती? आमच्या घरात एकाही खोलीत जुना बल्ब राहिला नाही.

---

उद्यमबाग_फाउंड्री

बल्बचं बरोबर आहे, ते झालं. पण त्यात ग्राहकाचा फायदा होता आणि पैसे केंद्राच्या संस्थेने घातले होते. कंपनीने स्वतःच्या खिशातून काय केलं ते दाखवा.

---

चंदगडचा_पाहुणा

तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो म्हणून बोलतो. आमच्याकडे महाराष्ट्रात शेतीच्या फिडरलाच सौर प्रकल्प जोडण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, दुसरा टप्पा २०२३ ला काढला. उपकेंद्राजवळ जागा घ्यायची, मेगावॅटला साधारण चार एकर, आणि दिवसाची वीज थेट शिवाराला. सगळीकडे झालंय असं म्हणणार नाही, आमच्या टीसीवर अजून आलं नाही. पण जिथे आलं तिथे रात्रीची पाळी संपली. केंद्राच्या कुसुम योजनेत तुमच्या राज्यालाही हे करता येतं.

---

अथणी_ऊसवाला

चार एकर कुणाची? आमचीच ना? भाड्याने देतो म्हणतील, पंचवीस वर्षांचा करार इंग्रजीत करतील.

---

खानापूर_रान

तुम्ही सगळे पंपात अडकलात. सौर आणा, वारा आणा, सौंदत्तीकडे पवनचक्क्या आहेतच, सगळं मान्य. पण ती वीज न्यायला लाईन लागते आणि लाईन आमच्या जंगलातून जाते. गोवा-तम्नार प्रकल्पाची ४०० केव्ही लाईन धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यात शेल्डेमला, मधे पश्चिम घाट. तिच्याखालची झाडं कापली तर तो कार्बन कुणाच्या वहीत लिहिणार? भीमगड अभयारण्य इथेच आहे, म्हादई नदी इथेच उगम पावते. काका, वितरण कंपनीचंच बघा. पावसाळ्याआधी लाईनखालच्या फांद्या तोडायला ठेकेदार येतो, फांदीच्या नावाखाली अख्खं झाड आडवं करतो. आमच्या गावच्या वाटेवरचा नंदुक, वडासारखं मोठं झाड, तसाच गेला. म्हाताऱ्या बाया त्याच्या सावलीत बसायच्या. विचारलं तर म्हणतो, वरून ऑर्डर आहे. जंगलाच्या पट्ट्यात इन्सुलेटेड तार घालता येते, झाड तोडावं लागत नाही. हेही स्वेच्छेनेच करायचं काम आहे.

---

निवृत्त_उपकेंद्र (टिळकवाडी, बेळगाव)

एकेकाला उत्तर देतो.

फाउंड्री : अमेरिकेच्या १९९४ च्या वचनांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिथला एकूण धूर त्याने उतरला नाही. वचन मोघम असलं की असंच होतं. एसएफ-६चं काम उभं राहिलं, कारण तिथे किलोचा हिशेब होता आणि निसटलेला वायू पुन्हा विकत घ्यायला पैसे पडत होते. म्हणून मी तारा, गाभे, सिलिंडर यांचं बोलतो. ज्यात कंपनीचा स्वतःचा पैसा वाचतो तिथे ती करेल, आपण मागे लागलो तर. एक अडचण मात्र मोठी आहे. कोळसा केंद्रांशी जुने करार आहेत, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. त्यामुळे दुपारी स्वस्त सौर घेऊनही कंपनीचं बिल तितकं उतरत नाही. पण ते करार संपतील तेव्हा पुन्हा तसेच करायचे की नाहीत, हे कंपनीने आजच ठरवायला हवं.

अथणी : अण्णा, तुमच्या पंपाला मीटर नको, ठीक. पण टीसीला मीटर लावू द्याल की नाही? फिडरवरून किती आलं, टीसीला किती पोचलं, एवढं कळलं तरी तारेतला तोटा तुमच्या नावावर खपवता येणार नाही. आज तो खपवला जातो, त्याचा पहिला तोटा तुम्हालाच आहे.

हुक्केरीत १९६९ पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे. शेतकरीच सभासद. तिथे तर बेंगळूरकडे बघायचंही कारण नाही. वार्षिक सभेत ठराव करा, टीसीनिहाय तोटा फलकावर लिहा, एका फिडरचे तास दिवसा करून बघा. आपल्या जिल्ह्यात हे होऊ शकतं आणि त्या दृष्टीने कुणी बोलत नाही, निवडणूक आली की तेवढी गर्दी होते.

---

अथणी_ऊसवाला

टीसीला लावा. पण बोर्डावर आकडा मराठीत आणि कानडीत दोन्हीत लिहायचा, आणि आधी दिवसा करंट द्यायचा. मीटर आधी लावून करंट नंतर, असं चालणार न्हाई. आमच्या वडिलांनी असल्या लई गोष्टी ऐकल्यात.

---

उद्यमबाग_फाउंड्री

टीसीच्या मीटरला माझी हरकत नाही. पंपाला नाही तर निदान तिथे तरी. पण आकडा बाहेर आला आणि तोटा तारेचा निघाला तर त्याची भरपाई आमच्या दरातून करायची नाही, हे आयोगासमोर सुनावणीत येऊन काकांनी स्वतः बोलायचं. दरवर्षी जनसुनावणी असते, तिथे आम्ही चार उद्योगवाले सोडले तर कुणी दिसत नाही.

---

वडगाव_माग

मी येते. तारीख इथे मराठीत टाका.

---

खानापूर_रान

लाईनखालच्या झाडांबद्दल अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही. इन्सुलेटेड तारेचा खर्च किती, कुठल्या फिडरला आधी घालायची, ठेकेदाराला फांदी आणि झाड यातला फरक लेखी कोण देणार, एवढं तरी काकांनी लिहावं. सुनावणीला मीही येणार आहे, तिथे हाच प्रश्न विचारणार.