आमचं घरगुती रेडिओ केंद्र: तुमचेही अनुभव लिहा

टेपरेकॉर्डरची प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबून, आवाज जड करून "नमस्कार श्रोतेहो" म्हटलंय का कधी? मग हा धागा तुमच्यासाठी. श्रोते नक्की कोण, हा प्रश्न तेव्हा पडायचा नाही. कार्यक्रम करणारे आम्हीच, रिवाइंड करून ऐकणारेही आम्हीच, आणि तरी "आपली असंख्य पत्रं आम्हाला मिळाली" असं निवेदक अगदी गंभीरपणे सांगायचा. पत्रं लिहायचं कामही त्याच्याचकडे असायचं.

माझ्यापासूनच सुरुवात करते. आमच्या केंद्रावर बातम्या, हवामान, फर्माईशी गाणी आणि 'आजचे पाहुणे' असा भरगच्च मामला होता. गाणी मैत्रीण म्हणायची, त्यामुळे कुणाचीही फर्माईश आली तरी तिला पाठ असलेलंच गाणं लागायचं. पाहुणे म्हणजे माझा धाकटा भाऊ. एकदा त्याला अंतराळवीर म्हणून बोलावलं. "चंद्रावर काय दिसलं?" "अंधार." "आणखी काय?" "अंधारच होता ना!" यापुढे टेपवर बराच वेळ नुसतं खिदळणं आहे. मुलाखत पुन्हा घेऊ म्हणेपर्यंत पाहुणे खेळायला पसार.

*

अंतराळवीराला सलाम!

मी निवेदक कधीच नव्हतो, मी 'इंजिनिअर'. म्हणजे बटणं माझ्या ताब्यात आणि शांतता पाळा म्हणून ओरडायचा हक्कही माझाच. कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंदांची कोरी पट्टी असते, तिच्यावर काहीच उमटत नाही, हे कळेपर्यंत आमचे सगळे कार्यक्रम "...तेहो" असे सुरू व्हायचे. नंतर मी पेन्सिल घालून ती पट्टी आधीच पुढे सरकवून ठेवू लागलो.

दुसरी डोकेदुखी म्हणजे मशीनच्या पोटातला माइक. तो मोटरला इतका चिकटून असतो की तिची घरघर आपसूक टेपवर येते. वर बहुतेक घरगुती मशिन्समध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरते. कुणी बोललं की ती खाली येते, सगळे गप्प बसले की माइक कान टवकारतो आणि घरघर, पंखा, लांबचा हॉर्न, सगळं वर येतं. आमच्या नाटकात नायिका मरते तेव्हा दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. ऐकताना वाटतं, तिच्या उशाशी गिरणी सुरू आहे.

साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला 30 मिनिटं. टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते, म्हणजे एका बाजूच्या कार्यक्रमाला साधारण 86 मीटर टेप. हा हिशेब मी तेव्हा वहीत केला होता आणि सगळ्यांना ऐकवलाही होता. कुणाला काडीचाही फरक पडला नाही.

*

गिरणी!! 😂

आमच्याकडे ध्वनी-परिणाम हा माझा प्रांत. आग लागली की सेलोफेनचा कागद माइकजवळ हळूहळू चुरगाळायचा. वीज म्हणजे जुनी एक्स-रे फिल्म दोन्ही हातांनी धरून हलवणं. घोडा म्हणजे अर्थातच करवंट्या. पण पावसाने फार छळलं. खिडकीत मशीन ठेवून खरा पाऊस रेकॉर्ड केला, तर स्टेशन नीट न लागल्यासारखी नुसती खरखर. शेवटी पत्र्याच्या ताटात वाळू सोडली, ती पण चिमटीचिमटीने. ताट कानाशी धरून "आता जरा जोरात, आता थांबतोय" असं कुजबुजत सांगणारी मैत्रीणही टेपवर आली आहे. माझ्या मते पूर्ण नाटकात तीच सगळ्यात चांगली बोलली आहे.

*

सेलवर चालणारं मशीन कुणाकडे होतं? सेल उतरत आले की मोटर मंदावते, पण रेकॉर्ड करताना ते कळतच नाही. आमचा सेनापती अर्धी लढाई अशा उतरत्या सेलवर लढला. नंतर मशीन प्लगला लावून ऐकलं तर सैन्यासमोरचं भाषण चिमणीच्या आवाजात, आणि शेवटाकडे आणखीच बारीक. सेनापती रुसून घरी गेला.

पण त्यातून आम्हाला राक्षस सापडला. चांगल्या सेलवर रेकॉर्ड करायचं आणि मेलेल्या सेलवर वाजवायचं. मग मरतुकडे सेल जपून ठेवायला लागलो, घरातले फेकून द्यायला निघाले की भांडायचो.

*

माझा अनुभव एवढासाच. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला आणि म्हटलं, हा मी नाही, मशीन बिघडलंय. बाकीचे सगळे म्हणाले, तूच आहेस. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही पोहोचतो म्हणून आतून भारदस्त वाटतो, हे कारण पुढे शाळेत कळलं. तोवर माझं निवेदकपद गेलेलं होतं.

*

मी तुमच्यानंतरच्या पिढीतली, आमचं केंद्र कॉम्प्युटरवर. विंडोजमधला जुना साउंड रेकॉर्डर आठवतोय? काळ्या पट्टीवर हिरवी रेघ थरथरायची आणि 60 सेकंद झाले की रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं. बटण पुन्हा दाबलं की पुढे चालू ठेवता यायचं, पण ते ठाऊक होईपर्यंत आमच्या बातम्या, हवामान आणि खेळ मिनिटभरात उरकायचे. त्यामुळे बातम्या वाचणारी शर्यत लागल्यासारखी सुटायची. त्यात आवाज उलटा करायचीही सोय होती. उलटं वाचलेलं पुन्हा उलटं करून सुलटं ऐकायचा उद्योग आम्ही एक अख्खी सुट्टी केला.

*

मला कायम जाहिरातीच मिळायच्या, कारण बातम्यांवर ज्याचं मशीन त्याचा हक्क. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, बातम्या काय, कोणीही वाचेल! 'चूक होण्याआधीच पुसणारा खोडरबर' हा माल मीच विकला. 'सोबत मोफत: चूक' हेही माझंच.

*

प्रश्न: आमची एक कॅसेट सापडली आहे, बरीच वर्षं वाजवलेली नाही. लावून बघू का?

*

(इंजिनिअर पुन्हा हजर.) थांबा, लगेच लावू नका. कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही टिकल्या आधी तोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. टेप उघडी दिसते त्या कडेच्या मधोमध, टेपच्या मागे असलेला छोटा नमदा जागेवर आहे का पाहा. तो पडला असेल तर टेप हेडला (मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. दुसऱ्या कॅसेटमधला काढून लावता येतो. मशीनचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या, चिकटलेले वेढे सुटतात. वाजवाल ती पहिल्याच फेरीला कॉम्प्युटरवर घ्या, हेडफोनच्या भोकातून लाइन-इनला (दुसऱ्या मशीनचा आवाज घेणाऱ्या भोकाला). माइकच्या भोकात घातलंत तर आवाज फाटेल.

सगळं करूनही आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला, तर हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो तो अगदी किंचित फिरवून पाहा. ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं त्याचं हेड जरा तिरकं असेल, तर तेवढंच तिरकं करावं लागतं.

*

टिकल्या तोडल्या, नमदा शाबूत आहे. 'बी' बाजूला बहुतेक माझाच हवामानाचा अंदाज आहे. वादळाचा इशारा दिला होता आणि मग वादळ कोणी करायचं यावरून भांडण झालं होतं, एवढं आठवतंय. ऐकून सांगते.